दांड्याला बांधलेलं फडकं

चिमी ट्रॅक्टर घेऊन वर्कशॉपसमोरून गेली तेव्हा मिस्त्री दारातच उकिडवा बसून पंपाचं झाकण घासत होता. तिने हॉर्न दिला, त्यानेही ग्रीसने माखलेला हात वर केला. मागच्या ट्रॉलीत शेडचे लोखंडी पाइप होते, चांगले वीस-वीस फुटी, आणि फळीबाहेर त्यांची टोकं पुरुषभर लोंबत होती. सगळ्यात लांब पाइपाच्या टोकाला तिने लाल कापड बांधलं होतं. मागून येणाऱ्याला लांबून दिसावं म्हणून सगळे बांधतात, तसंच. मिस्त्रीला बरं वाटलं. बहीण धाकटी असली तरी कामाला चोख आहे, असं त्याच्या मनात आलं आणि तो पुन्हा झाकण घासायला लागला.

डोळे आधी बघतात आणि अक्कल मागून रमतगमत येते. मिस्त्रीची अक्कल त्या सकाळी अर्धा तास मागे होती.

पंपाचं वॉशर काही मिळेना. काम अर्धं ठेवून दुकानात जायचं म्हणून तो उठला आणि सवयीप्रमाणे भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेल्या लाल फडक्यांतलं एक त्याने ओढलं. ही त्याची जुनी पद्धत. काम अर्धवट असलं, एखादा भाग काढून ठेवला असला, की त्या यंत्राच्या दांड्याला किंवा बटणाला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की हात लावायचा नाही, आधी मिस्त्रीला विचारायचं. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, निदान मिस्त्रीची तशी समजूत होती. फडकी त्याने बायकोच्या एका जुन्या पडद्याची कापली होती. लाल पडदा, त्यावर पिवळी फुलं.

हातातल्या फडक्यावरचं पिवळं फूल त्याने पाहिलं. मग पाइपाच्या टोकाला फडफडणारं पिवळं फूल त्याला आठवलं. आणि तो धावत दारात आला. रस्ता रिकामा होता.

ते फडकं त्याने पाइपाला बांधलेलं नव्हतं. परवा त्याने ते चिमीच्या ट्रॅक्टरच्या फोर व्हीलच्या दांड्याला बांधलं होतं.

परवाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात कुणाच्याही अंगावर अभिमानाने मूठभर मांस चढावं असं काही नाही. परवा दुपारी चिमीचा नवरा ट्रॅक्टर घेऊन आला. पुढची टायरं दाखवत म्हणाला, "बघा दादा. एका हंगामात गुळगुळीत. तुमची बहीण फोर व्हील टाकते ती काढायचं नावच घेत नाही. डांबरावर सुद्धा."

आता यात मेहुण्याचं चुकलं नव्हतं. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतात, ती बनवलेलीच तशी असतात. मातीत तो फरक घसरून जिरतो. डांबरावर जिरायला जागाच नसते, मग टायर किसणीवर गाजर किसावं तसं किसलं जातं आणि आतल्या गिअरांच्या पाठीत पीळ पडतो. मिस्त्रीने हे चिमीला दहा वेळा सांगितलं होतं. चिखलात टाक, नांगरताना टाक, चढउताराला टाक, पण सपाट रस्त्याला आलीस की काढ. तिने दहा वेळा मान डोलावली होती आणि अकराव्या वेळी पुन्हा दांडा टाकूनच आली होती.

तिचंही कारण होतं. मागच्या वर्षी खिंडीपलीकडचा उतार उतरताना ती फोर व्हील टाकायला विसरली होती. ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना. दांडा टाकला की पुढची चाकंही इंजिनला जुंपली जातात आणि उतारावर चारही चाकं मिळून ओझं धरून ठेवतात. त्या दिवशी धरणारी दोनच होती, आणि भरल्या ट्रॉलीने तिला मागून असं ढकललं की खालच्या वळणापर्यंत तिचा जीव मुठीत होता. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं, काढायचीच नाही, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. "टायर परत आणता येतं," असं ती म्हणाली होती. यावर नवरा आणि भाऊ दोघेही हसले होते. दोघांनाही ट्रॅक्टरमधलं फार कळत होतं ना, म्हणून.

परवा मेहुण्याने तोडगा काढला. म्हणाला, "शाफ्टच काढून ठेवा. चिखलाचे दिवस लागले की परत बसवू. आणि तिला बोलू नका, उगाच घर डोक्यावर घेईल." पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा तो दांडगा शाफ्ट काढला की दांडा टाका, काढा, काही होत नाही. टायर वाचतं, भांडण वाचतं. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही.

मिस्त्रीने नाही म्हणायला हवं होतं. तो नाही म्हणाला नाही. दहा वेळा सांगून तोही कंटाळला होता आणि एकदा तरी आपलं ऐकलं जावं, असं त्याला वाटत होतं, मग ते तिच्या नकळत का असेना. त्याने आठ बोल्ट सोडवले, शाफ्ट काढला, पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवला. मग मनाला टोचणी लागली म्हणून दांड्याला लाल फडकं बांधलं. चिमी ते बघेल, विचारेल, मग सांगू. म्हणजे आपण सांगितलं नाही, असंही नाही आणि सांगितलं, असंही नाही. भित्र्या माणसाला अशा गाठी फार छान मारता येतात.

दोन दिवस ट्रॅक्टर तिच्या अंगणात उभा होता. आज सकाळी तिने पाइप भरले, मागे बांधायला लाल कापड शोधलं, आणि ते हाताशी, डोळ्यांसमोर, दांड्यालाच बांधलेलं होतं.

मिस्त्रीने तिला फोन लावला. वाजत राहिला. ट्रॅक्टरवर असताना तिचा फोन टूलबॉक्समध्ये असतो आणि इंजिनच्या आवाजात तोफ डागली तरी ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने तीनदा लावला. मग मेहुण्याला.

"कुठे निघालीय ती पाइप घेऊन?"

"खिंडीपलीकडे. खालच्या शेतात नवी शेड होतेय एकांची. का हो?"

"तुम्ही तिला शाफ्टचं सांगितलंत का?"

"तुम्ही फडकं बांधलं होतं ना?"

"ते पाइपाला बांधून गेलीय ती."

मेहुणा घाईघाईने बोलला, "सावकाश जाते हो ती. पहिल्या गिअरात उतरेल. तुम्ही जा तरी मागे. आणि दादा, गाठ पडलीच तर शाफ्ट काढला म्हणू नका. बोल्ट तुटला म्हणा. लोखंड आहे, तुटतं."

मिस्त्रीने फोन खिशात कोंबला. मोटरसायकल दोन किकांत सुरू झाली नाही, तिसरीत झाली. वर्कशॉपचं दार सताड उघडंच राहिलं.

रस्त्याने त्याचं डोकं एकच हिशेब करत होतं, अंतराचा आणि वेळेचा. खिंडीपर्यंतचा चढ भरल्या ट्रॉलीने चाळीस मिनिटांचा. ती गेल्याला तीस मिनिटं तरी झाली होती, फोनात पाच गेली. मोटरसायकलला बारा मिनिटं लागतात, पळवली तर दहा. वर पोहोचल्यावर ती थांबते, पाणी पिते, दोरखंड तपासते. तिथे दोन-चार मिनिटं. म्हणजे गाठता येईल. किंवा येणार नाही. प्रत्येक वळणावर हिशेब नव्याने मांडायचा आणि प्रत्येक वळणावर उत्तर वेगळं यायचं.

चढताना तिला काही कळणार नाही, हे सगळ्यात वाईट होतं. चढ डांबरी, कोरडा, मागची दोन चाकंही मजेत ओढतात. दांडा टाकला की समोरच्या पट्टीवर छोटा हिरवा दिवा लागतो आणि तो दिवा बघून चिमी निर्धास्त होते. पण तो दिवा दांड्याशी जोडलेला असतो, चाकांशी नाही. दांडा टाकला एवढंच त्याला कळतं. खाली शाफ्ट आहे का नाही, ते त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? दिवा लागेल, चिमी बघेल आणि उताराला लागेल. उतार खडीचा. एका अंगाला डोंगराची कापलेली भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही. खाली, बरंच खाली, दगडांनी भरलेला ओढा.

"थांब," तो हेल्मेटमध्ये म्हणत होता, "थांब गं बाई, पाणी पी. दोन घोट जास्त पी."

खिंडीत ट्रॅक्टर नव्हता.

रस्त्याच्या कडेला मातीत पाणी सांडल्याचा ओला डाग होता, अजून सुकला नव्हता. ट्रॉलीच्या चाकांच्या रेघा सरळ पुढे उताराला लागल्या होत्या. मिस्त्रीने इंजिन बंद करून कान दिला. खालून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो बरोबर नव्हता. उतरताना इंजिन रडत, कुरकुरत, एका लयीत बोलत राहतं. हे मधेच दबत होतं आणि दबल्यावर खडीवरून काहीतरी फरफटल्याचा आवाज येत होता. वाऱ्यावर जळक्या ब्रेकचा वास आला.

त्याने किक मारून गिअर टाकला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पहिल्या वळणानंतर ती दिसली. सीटवरून अर्धी उठून तिने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले होते. मागची मोठी चाकं फिरतच नव्हती. ती जाम होऊन खडीवरून नांगरासारखी घसरत होती आणि मागून ट्रॉली सगळं वजन घेऊन रेटत होती. रेटता रेटता ती तिरकी होत चालली होती. पाइपांची शेपटं दरीच्या अंगाला निघाली होती, टोकाला ते लाल फडकं, त्याखाली रस्ता नव्हता. ट्रॅक्टरचं नाक भिंतीकडे वळत होतं. अजून थोडी तिरकी झाली असती तर ट्रॉलीने ट्रॅक्टरला कमरेत मोडलं असतं आणि दोघांनाही कडेवरून नेलं असतं.

दांडा टाकला असतानाही हे का होतंय, हे तिला कळत नव्हतं. म्हणून ती ब्रेक आणखी दाबत होती. कुणीही दाबलाच असता. जीव जायला लागला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि या वेळी नेमका तोच पाय तिला खाली नेत होता. चाकं फिरली तरच ती माती पकडणार होती. फिरायची तर ब्रेक सोडायला हवा, आणि नुसता सोडून भागणार नाही, वरून इंजिनला रेस द्यायला हवी. कड्याच्या काठावरच्या माणसाला, पुढे पाऊल टाक, असं सांगण्यासारखंच हे होतं. ते कोण ऐकेल?

मिस्त्रीने मोटरसायकल भिंत आणि ट्रॅक्टरच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात घातली. खडी अंगावर उडत होती. तो तिच्या पायांच्या रेषेत आला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "चिमे! ब्रेक सोड!"

तिने मान वळवली. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"ब्रेक सोड, रेस दे! क्लचला हात... क्लचला पाय लावू नकोस! रेस दे!"

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. का, असं विचारलं नाही. वेडा झालास का, असंही म्हणाली नाही. दादाने सांगितलं म्हटल्यावर तिने दोन्ही पाय उचलले आणि रेस ओढली.

ट्रॅक्टर सुटला. पहिल्या क्षणाला तो खरोखरच सुटला आणि मिस्त्रीला वाटलं, संपलं, आपल्या तोंडाने आपण तिला ढकललं. मग मागची चाकं फिरली. इंजिन किंचाळलं. ते खालच्या गिअरात होतं, तेवढा शहाणपणा तिने वरच केला होता, त्यामुळे चाकांनी माती धरल्यावर इंजिनने चाकांना धरलं. ट्रॉलीची शेपटी हळूहळू, एकेक हात सरकत, रस्त्यावर परत आली. ट्रॉली सरळ झाली. पण वेग होता, आणि पुढे दुसरं वळण होतं, पहिल्यापेक्षा अवघड.

वळणाच्या अलीकडे भिंतीला लागून रस्तादुरुस्तीची खडी ओतलेली होती, पुरुषभर उंचीचा ढीग. मिस्त्रीने मोटरसायकल पळवून ट्रॅक्टरच्या पुढे काढली, ढिगापलीकडे आडवी टाकून दिली आणि ढिगावर चढून दोन्ही हातांनी खुणा केल्या. इकडे. यात घाल. चिमीने स्टिअरिंग वळवलं. ट्रॅक्टरचं नाक खडीत घुसलं, पुढची चाकं ढिगावर चढली, अर्ध्यापर्यंत रुतली. मागून ट्रॉलीने एक शेवटचा धक्का दिला, पाइप खणखणले आणि सगळं थांबलं. इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

मिस्त्री खाली उतरून दगड गोळा करायला लागला. ट्रॉलीच्या चाकांखाली, ट्रॅक्टरच्या चाकांखाली, मिळेल तो दगड तो ठोकून बसवत होता. आठ-दहा दगड झाल्यावरही तो आणत राहिला. हात रिकामे झाले की बोलावं लागणार होतं.

चिमी सीटवरच होती. स्टिअरिंग सोडायला तिची बोटं तयार नव्हती. ती म्हणाली, "दिवा लागलाय बघ. अजून लागलाय."

हिरवा दिवा खरंच लागलेला होता.

"मी वरच टाकली होती रे फोर व्हील. दोनदा बघितलं. तरी असं झालं." तिने बाहीने तोंड पुसलं. "म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. ब्रेक तरी चुकीचा मारला असेन. हे म्हणतात ते खरंय दादा, मला नाही जमत हे. गडबडते मी. उद्यापासून नकोच. यांनाच चालवू दे."

मिस्त्रीच्या खिशात फोन वाजला. मेहुणा. त्याने उचलला.

"सापडली? ठीक आहे ना?" मेहुण्याचा आवाज फाटला होता. "देवा रे. बरं, ऐका, बोल्टचं सांगितलंत ना? तुटला म्हणून?"

मिस्त्रीने फोन बंद केला. सोपं होतं. बोल्ट तुटला म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती. काहीच म्हटलं नसतं तरी चाललं असतं, दोष ती स्वतःहून पदरात घेऊन बसलीच होती. नवऱ्याची टायरं वाचली असती, भावाची अब्रू वाचली असती. फक्त चिमी उद्यापासून ट्रॅक्टरवर बसली नसती, आणि आयुष्यभर आपल्या हाताला घाबरून राहिली असती.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना म्हणून तो तिच्या चपलेकडे बघत होता. "खाली शाफ्टच नाहीये. परवा मी काढला. दाजी म्हणाले, टायर झिजतात, आणि मी काढला. तुला सांगायचं नाही असं ठरलं."

चिमीला ते कळायला वेळ लागला. ती सीटवरून उतरली, खडीवर गुडघे टेकून वाकली आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली पाहिलं. जिथे शाफ्ट असायचा तिथे मोकळी जागा होती.

"मी दांड्याला फडकं बांधलं होतं," मिस्त्री म्हणाला. बोलल्याबरोबर त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"ते होय." ती उठली. गुडघ्याची खडी झटकली. "सकाळी लाल कापड मिळत नव्हतं. मग हे दिसलं. म्हटलं, बघा, दादाला किती काळजी. पाइप न्यायचेत हे कळलं असेल, म्हणून आधीच बांधून ठेवलंय."

मिस्त्रीने ग्रीसचे हात पँटला पुसले.

"तुला तोंड होतं की रे," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला परवडलं असतं. "एवढंसं होतं सांगायला. चिमे, शाफ्ट काढलाय. मी भांडले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण इकडे आले नसते."

तिने टूलबॉक्समधून आपला फोन काढला. त्यावर त्याचे तीन कॉल दिसत होते. तिने ते पाहिले आणि नवऱ्याला लावला.

"शाफ्ट दादाच्या वर्कशॉपमध्ये आहे," ती म्हणाली. मिस्त्री पुटपुटला, फळीवर, पोत्यात, आणि बोल्टांचा डबा शेजारी, सोबत मोठा पाना. तिने तसंच पुढे सांगितलं. "घेऊन या. आत्ता. नाही, मला काही झालेलं नाही. बोल्ट कुठलेही तुटलेले नाहीत. या तुम्ही."

मेहुणा आला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. त्याने पोतं मोटरसायकलला आडवं बांधून आणलं होतं. ट्रॉलीच्या मागच्या खडीवर घसरलेल्या चाकांचे दोन लांबच लांब पट्टे होते, आणि त्यातला एक कडेपासून वीतभर अंतरावरून गेला होता. मेहुणा त्या पट्ट्याजवळ थांबला. तिथून पुढे यायला त्याला बराच वेळ लागला.

"मी नेतो खाली," तो शेवटी म्हणाला. "तू मोटरसायकलवर ये."

"भरली ट्रॉली घेऊन हा उतार कधी उतरलाय तुम्ही?"

तो कधीच उतरला नव्हता. त्याचा सगळा अनुभव अंगणातला. तो खडीच्या ढिगावर बसला आणि टायरांबद्दल त्या दिवशी पुन्हा काही बोलला नाही.

अर्धा उतार अजून बाकी होता. ढिगात तोंड खुपसून ट्रॅक्टर तिथेच राहू शकत नव्हता, आणि शाफ्टशिवाय तिथून हलणं म्हणजे मगाचाच खेळ पुन्हा मांडणं. मिस्त्रीने सगळे दगड एकदा लाथेने तपासले आणि तो ट्रॅक्टरखाली सरकला. शाफ्ट उचलून बसवला, मागच्या बाजूचे चार बोल्ट, पुढच्या बाजूचे चार. हे काम त्याने डोळे मिटून शंभरदा केलं असेल. आज घाम डोळ्यांत जात होता आणि पाना दोनदा हातातून निसटला. चिमी शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"झालं," म्हणत तो बाहेर आला.

"पाना दे."

"कशाला? आवळलेत सगळे."

तिने हात पुढे केलेलाच ठेवला. त्याने पाना दिला. ती पाठीवर झोपली आणि ट्रॅक्टरखाली सरकली.

तीस वर्षांत मिस्त्रीने आवळलेल्या बोल्टाला कुणी दुसऱ्यांदा पाना लावला नव्हता. लोक ट्रॅक्टर, पंप, गिरण्या त्याच्या हवाली करून डोळे झाकून घरी जायचे आणि त्याला त्याचा गर्व होता. तो उभा राहून बघत होता. चिमीने पहिल्या बोल्टाला पाना लावून जोर दिला. हलला नाही. दुसरा नाही. तिसरा, चौथा नाही. ती सरकत पुढच्या बाजूला गेली. पाचवा, सहावा, सातवा, घट्ट. मिस्त्रीचा श्वास जरा मोकळा झाला.

आठवा बोल्ट पाव फेरा फिरला.

तिघांनाही त्याचा बारीक आवाज ऐकू आला. दोन्ही हातांनी पाना धरून चिमीने तो पुरता आवळला. बाहेर आली. पाना तिने भावाच्या हातात दिला नाही, आपल्या टूलबॉक्समध्ये टाकला आणि सीटवर चढली.

दोघा पुरुषांनी दगड काढले. ट्रॅक्टर मागे घेताना चारही चाकं एकदम फिरली, तो ढिगातून निघाला आणि उताराला लागला. इंजिन एका लयीत रडत होतं. मिस्त्री आणि मेहुणा त्याच्या मागून, कडेकडेने, खालपर्यंत चालत गेले.